औषध देणाऱ्या झुंबरबाई

१९३८ च्या जूनमध्ये मी पुण्याहून नर्सिंगचं शिक्षण पुरं करून लोणावळ्याच्या धर्मार्थ दवाखान्यात रुजू झाले, तेव्हा माझं वय बावीस होतं. ट्रंकेत सगळ्यात वर ठेवलेलं सर्टिफिकेट मी गाडीत दोनदा काढून पाहिलं होतं. दवाखाना बाजाराच्या मागं, कौलारू, आठ खाटांचा. चार पुरुषांच्या, चार बायकांच्या. मधल्या खोलीत डॉक्टर घारपुरे रोगी तपासत. पलीकडच्या अरुंद खोलीत कंपाउंडर नूरमहंमद मिक्श्चरं ढवळत बसलेले असत. त्यांना सगळे नूरभाई म्हणत. आणि खाटांवरच्या माणसांचं सगळं करायच्या त्या झुंबरबाई.

मला वाटलं होतं, ही आया असेल. पन्नाशीच्या आसपासच्या, काटक, सावळ्या, करड्या रंगाचं जाड नऊवारी नेसलेल्या. हाताची नखं अगदी कातडीपर्यंत कापलेली. जवळून गेल्या की कार्बोलिकचा वास यायचा. कमरेला एक पितळी किल्ली खोचलेली असायची. ती विषारी औषधांच्या कपाटाची किल्ली आहे, असं कळलं तेव्हा मी चकितच झाले. अशी किल्ली सर्टिफिकेटवाल्या नर्सकडे असते, असं मला शिकवलेलं होतं.

पहिल्याच सकाळी मी त्यांच्या मागून खाटांवरून फिरले. पहिल्या खाटेवर आठ दिवसांपासून असलेला एक हमाल होता. झुंबरबाईंनी हातात मापाचा ग्लास धरून त्याला विचारलं, "नाव सांगा."

"आवो झुंबरबाई, कालबी सांगितलं की!"

"आज सांगा."

"नथू."

"गाव?"

"वलवण."

मग औषध. दुसऱ्या खाटेवर तेच. तिसऱ्यावर तेच. चौथ्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं तर त्यांनी तोंड उघडायच्या आतच नाव, गाव, बापाचं नाव सगळं म्हणून टाकलं. मला हसू आवरेना. त्या माणसांना झुंबरबाई घरच्यासारख्या ओळखत होत्या. कुणाची म्हैस कधी व्यायली तेही त्यांना ठाऊक होतं. मग ही शाळेतली हजेरी कशाला?

दुपारी नूरभाईंच्या खोलीत बाटल्यांना कागदाच्या पट्ट्या चिकटवताना मी ते हसून सांगितलं. त्या वेळी औषधाच्या बाटलीवर लांब पट्टी लावून तिला कातरून खाचा पाडायच्या, एक खाच म्हणजे एक डोस. नूरभाई हसले नाहीत. कात्री खाली ठेवून म्हणाले, "बाई, तुम्ही गेणूचं ऐकलं नाहीत अजून." आणि त्यांनी मला जे सांगितलं ते असं.

झुंबरबाई कान्ह्याच्या. शेतकऱ्याच्या घरच्या. मानमोडीच्या म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीत, १९१८ साली, नवऱ्याला बैलगाडीत घालून त्या या दवाखान्यात आल्या. नवरा तिसऱ्या दिवशी गेला. पण त्या तीन दिवसांत खाटा पुरत नव्हत्या, माणसं ओसरीवर पडलेली होती, आणि झुंबरबाई नवऱ्याला पाणी पाजता पाजता शेजारच्यालाही पाजत होत्या. नवऱ्याचं सगळं आटोपून त्या गावी गेल्या आणि पंधरा दिवसांनी परत आल्या. डॉक्टरांना म्हणाल्या, "घरात बसवत न्हाई. हितं काम द्या."

डॉक्टर त्या वेळी तरुण होते. त्यांनी झाडलोटीचं काम दिलं. बाईंचा हात स्वच्छ आहे आणि सांगितलेलं विसरत नाहीत, हे पाहून मग पट्ट्या बांधायला, नाडी मोजायला, औषध द्यायला शिकवलं. अक्षरओळख नव्हती, ती बाटल्यांवरून करून दिली. क कोयनेलचा, ए एरंडेलाचा. विषाच्या बाटलीवरचं तांबडं लेबल त्या सगळ्यात आधी वाचायला शिकल्या.

१९२१ चा भाद्रपद. नाणे मावळातून तापाचे रोगी रांगेनं येत होते. त्यात गेणू नावाचा एक पोरसवदा शेतकरी होता. त्याला हिवतापावरचं कोयनेल, म्हणजे क्विनीन, भरपूर चाललं होतं. शेजारच्या खाटेवर सोपान होता, त्याला रक्ताची हगवण. सोपान जन्माचा अफू खाणारा. त्याला हगवणीसाठी अफूचा अर्क द्यायचा तर साध्या माणसाच्या डोसानं काहीच होत नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी त्याचा डोस बराच वाढवला होता. त्या सकाळी कौलातून पाणी गळायला लागलं, म्हणून खाटा इकडच्या तिकडे सरकवल्या होत्या. झुंबरबाई अर्काचा ग्लास घेऊन आल्या, सोपानच्या नेहमीच्या जागी उभ्या राहिल्या. डोक्यावरून नाकापर्यंत पांघरूण ओढलेलं होतं. त्यांनी विचारलं, "सोपान ना?"

मान हलली. "व्हय."

त्यांनी औषध पाजलं.

पांघरूण बाजूला झालं तेव्हा तो गेणू होता. कोयनेलानं त्याच्या कानात घुंई घुंई आवाज भरला होता. त्याला बोललेलं काही समजत नव्हतं. कुणी काही बोललं की तो "व्हय" म्हणायचा.

"बाई," नूरभाई मला म्हणाले, "त्या वेळी वॉर्डात दुसरं कुणी नव्हतं. मी या खोलीत. डॉक्टर मधल्या खोलीत रोग्यांत. ग्लास धुवून ठेवला असता तर कुणाला कळलं नसतं. गेणू तापाचा रोगी, तापानं गेला म्हटलं असतं सगळ्यांनी."

पण झुंबरबाई ग्लास तसाच हातात धरून डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. खोलीत दहा माणसं बसली होती. त्या सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "सोपानचं अफूचं औषध म्या गेणूला पाजलं. आत्ताच. चला."

डॉक्टर उठून धावले. गेणूच्या घशातून रबरी नळी घालून पोट धुतलं. पोटॅश परमँगनेटचं गुलाबी पाणी घालायचं आणि काढायचं. नूरभाईंनी काळी कडक कॉफी उकळली. तरीही तासाभरात गेणूच्या डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या आणि श्वास संथ व्हायला लागला. झोपला तर श्वास थांबेल, त्याला झोपू द्यायचं नाही, असा डॉक्टरांचा हुकूम. एका काखेत नूरभाई, दुसऱ्या काखेत झुंबरबाई. ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. तो पाय ओढायचा, मान टाकायचा. झुंबरबाई त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडायच्या, तोंडावर गार पाणी मारायच्या, चिमटे काढायच्या. सकाळी नऊपासून दिवस कलेपर्यंत ते दोघं त्याला चालवत होते. संध्याकाळच्या सुमारास गेणू आपणहून म्हणाला, "मावशी, आता बास. पाय दुखत्यात." तेव्हा झुंबरबाई ओसरीच्या खांबाला धरून मटकन खाली बसल्या.

डॉक्टर त्यांच्याशी आठ दिवस बोलले नाहीत. औषधाचं काम काढून घेतलं, फरशी पुसायला लावलं. झुंबरबाईंनी तक्रार केली नाही. नवव्या दिवशी डॉक्टरांनी त्यांना बोलावलं, खिशातून ती पितळी किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली. तोवर ती डॉक्टरांकडेच असायची. म्हणाले, "चूक करणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत. ग्लास हातात धरून सांगायला येणारं नव्हतं पाहिलं. ही तुमच्याकडं ठेवा."

तेव्हापासून झुंबरबाईंनी कुणालाही 'तू अमका ना' असं विचारलं नाही. नाव त्याच्याच तोंडून वदवून घ्यायच्या.

मी कात्री उचलली. पट्ट्या कातरत बसले. पण खरं सांगायचं तर इतकं ऐकूनही माझा ताठा काही उतरला नाही. मला वाटलं, त्यांचं शिक्षण झालेलं नव्हतं म्हणून ते घडलं. माझ्याकडून असलं काही होणार नाही.

पुढं श्रावणात तिकोणा पेठेहून कस्तुराबाई आल्या. साठीची बाई, पायावर इतकी सूज की बोट दाबलं तर खळगा तसाच राहायचा. दोन उशा पाठीशी घेतल्याशिवाय श्वास घेता येत नव्हता. सून नंदाबाई त्यांना गाडीतून कामशेतपर्यंत आणि तिथून आगगाडीनं घेऊन आली होती. डॉक्टरांनी हृदय कमजोर झालंय सांगून डिजिटॅलिसचे थेंब सुरू केले, दिवसातून तीनदा. चार दिवसांत सूज उतरली. कस्तुराबाई उशी टेकून सुनेवर खेकसायला लागल्या, म्हणजे बरं वाटत होतं.

सहाव्या दिवशी त्यांनी जेवणाचं ताट बाजूला सारलं. "नको. मळमळतंय. आन ह्यो भात पिवळा का केलाय? हळद कुनी घातली?"

भात पांढराशुभ्र होता. मी म्हटलं, "आजी, डोळे चोळा," आणि ताट उचललं. थेंबांची वेळ झाली होती. मी मापाच्या ग्लासात पाणी घेऊन बारा थेंब मोजले. ग्लास कस्तुराबाईंच्या ओठापाशी नेणार, तेवढ्यात झुंबरबाईंचा पंजा मधे आला. त्यांनी हातानं ग्लास झाकला.

"नाडी पाह्यली का, बाई?"

"सकाळी पाहिली होती. ठीक होती."

"आत्ता?"

मला राग आला. समोर रोगी, तिची सून, पलीकडच्या खाटेवरच्या दोघी. मी म्हटलं, "डॉक्टरांनी तीन वेळा लिहिलंय, झुंबरबाई."

"लिवलंय खरं. पर लिवलं तवा नाडी येगळी हुती. तुमच्याकडं घड्याळ हाय, मोजा. मग तुमी म्हनाल तसं."

त्यांचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता. मी ग्लास खाटेजवळच्या स्टुलावर ठेवला, छातीवर टाचलेलं घड्याळ वर केलं आणि मोजायला लागले. सेहेचाळीस. मला खरं वाटेना. पुन्हा पूर्ण मिनिट मोजले. सेहेचाळीसच, आणि त्यातही मधे ठोका चुकत होता. साठाच्या खाली नाडी गेली तर डिजिटॅलिस द्यायचं नाही, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. मळमळ, अन्नावरची वासना जाणं, डोळ्यांपुढं पिवळं दिसणं, ही त्या औषधाची विषबाधा चढत असल्याची लक्षणं. तेही लिहिलं होतं. त्याला मार्क मिळाले होते.

झुंबरबाईंनी ग्लास उचलून कोनाड्यात ठेवला. ओतून दिला नाही. डॉक्टरांना दाखवायचा म्हणून ठेवला. डॉक्टर खंडाळ्याला एका घरी गेले होते. नूरभाई सायकल काढून गेले आणि त्यांना घेऊन आले. डॉक्टरांनी छाती ऐकली, थेंब बंद केले. मग कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "इतक्या थेंबांनी इतकं व्हायला नको होतं. आजी, दुसरं काही औषध घेतलंत?"

"न्हाई बा."

"आठवून सांगा."

"न्हाई म्हनलं ना!" कस्तुराबाईंनी तोंड फिरवलं.

डॉक्टर गेले. झुंबरबाई मात्र खाटेशेजारी जमिनीवर फतकल मारून बसल्या. औषधाचं नावही काढलं नाही. यंदा भात कसा लागलाय, पवनेला पाणी किती आलंय, असं बोलत राहिल्या. बऱ्याच वेळानं सहज विचारल्यासारखं म्हणाल्या, "आक्का, हितं यायच्या आदी कुटं दाखवलं हुतं म्हनं?"

"तळेगावला. लय चांगला डाक्तर. त्याच्या औषिदानं सूज उतरली हुती की मागं."

"मग त्ये सोडलं व्हय? चांगलं हुतं तर?"

कस्तुराबाईंनी सुनेकडं पाहिलं, मग छताकडं पाहिलं. "सोडतीया कशाला," त्या हळूच म्हणाल्या. "दोन डाक्तरांची दोन औषिदं. जोडीनं घेतली तर बेगीनं बरं वाटंल, म्हनलं."

उशाखालच्या गाठोड्यातून लुगड्यात गुंडाळलेली एक बाटली निघाली. नूरभाईंनी बूच काढून वास घेतला, थेंब जिभेच्या टोकाला लावून थुंकले आणि मान हलवली. तेच औषध होतं. बाटली निराळी, रंग थोडा निराळा, औषध तेच. कस्तुराबाई सहा दिवस दुप्पट घेत होत्या.

मला वाटलं आता झुंबरबाई त्यांना झापतील. त्या म्हणाल्या, "आक्का, बरं झालं सांगितलं." आणि बाटली नूरभाईंकडे दिली.

डॉक्टरांना कळल्यावर त्यांनी ती बाटली हातात घेऊन पाहिली. म्हणाले, "पहिल्या दिवशीच मी विचारायला हवं होतं." त्या दिवसापासून दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला घरातली सगळी औषधं गाठोड्यात बांधून आणायला सांगायचा शिरस्ता पडला. काय काय यायचं त्यातून! काढ्याच्या पुड्या, भिंतीवर कागद चिकटवायच्या खळीची बाटली, बैलाला चोळायचं तेल, मेलेल्या सासऱ्याच्या खोकल्याचं औषध. नूरभाई एकेक पाहून बाजूला करायचे.

त्या संध्याकाळी मी झुंबरबाईंना म्हटलं, "तुम्ही नसता तर मी आज..."

"न्हाई पाजलं ना? मग झालं." त्या कपड्यांच्या घड्या करत होत्या. हातातली घडी ठेवून म्हणाल्या, "लीले, ती बाई भात पिवळा म्हनली, तवा तू ऐकलंस. पर मनावर न्हाई घेतलंस. रोगी बोलतो त्ये बडबड नसती." त्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदा 'लीले' म्हटलं. मग शेवटपर्यंत तेच.

पंधरा दिवसांनी कस्तुराबाई घरी निघाल्या. थेंब पुन्हा सुरू झाले होते, पण थोडे, सकाळी एकदाच. आता प्रश्न असा की तिकोणा पेठेत नाडी मोजणार कोण? घरात घड्याळ नाही. सुनेला विसाच्या पुढं मोजता येत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, दर आठवड्याला घेऊन या. ते काही जमणारं नव्हतं. भाताची बेणणी, म्हणजे तण काढणं, सुरू झालेली.

झुंबरबाईंनी नंदाबाईला ओसरीवर समोर बसवलं. तिचा डावा हात तिच्याच मनगटावर ठेवला, उजवा सासूच्या मनगटावर. "ही तुजी नाडी. ही सासूची. तू तरणी हायेस, धडधाकट हायेस. बसून दम घ्यायचा, मग बघायचं. तुजे चार ठोके पडत्यात तवर तिचे तीन पडले पायजेत. तीन पडले तर थेंब द्यायचे. दोनच पडले, न्हाईतर मदीच अडखळले, तर थेंब द्यायचे न्हाईत आन हिला गाडीत घालून आनायची."

नंदाबाईनं डोळे मिटले. ओठ हलत होते. "चाराला तीन," ती म्हणाली. "पडत्यात."

मी घड्याळ लावून पाहिलं. सुनेची ऐंशी, सासूची बासष्ट. माझ्या कुठल्याच पुस्तकात हे नव्हतं. डॉक्टर दारात उभे राहून ऐकत होते. ते आत येऊन सुनेला म्हणाले, "रोज. चुकवायचं नाही," आणि झुंबरबाईंकडं पाहून नुसते हसले.

कार्तिकात नंदाबाई पहाटे निघून सासूला घेऊन हजर झाली. दारातूनच म्हणाली, "मावशी, काल चाराला दोन पडले. म्या थेंब दिलं न्हाईत." नाडी अठ्ठेचाळीस होती. वेळेवर आली होती. डॉक्टरांनी डोस आणखी कमी केला. त्यानंतर कस्तुराबाईंनी भाताच्या पाच सुग्या पाहिल्या. मेल्या त्या पिकल्या पानासारख्या, घरी, सुनेच्या हातून पेज खाऊन.

लढाईच्या दिवसांत औषधांचे हाल झाले. जावा बेट जपान्यांनी घेतलं आणि कोयनेल मिळेनासं झालं. त्याऐवजी पिवळ्या गोळ्या आल्या, त्यांनी माणसाची कातडीच पिवळी व्हायची. कावीळ झाली म्हणून गावं घाबरली. झुंबरबाईंनी आठवडाभर त्या गोळ्या घेणाऱ्या एका बाईचे डोळे सगळ्यांना दाखवले. "बघा, बुब्बुळाभवती पांढरं हाय. काविळीत ह्ये पिवळं हुतं." न्यूमोनियावर सल्फाच्या गोळ्या आल्या तेव्हा मात्र त्या स्वतःच तांब्या घेऊन खाटेशी उभ्या राहायच्या. गोळीमागं पाणी भरपूर पोटात जायला हवं, नाहीतर मूत्रपिंडात खडे बसतात, हे डॉक्टरांनी एकदा सांगितलं, तेवढं पुरलं. अंगावर पुरळ दिसतंय का, लघवी होते आहे का, हे त्या न लाजता पुरुषांनाही विचारायच्या. न्यूमोनियाची माणसं चौथ्या दिवशी उठून बसलेली पाहिली की त्यांना फार नवल वाटायचं. "आमच्या धन्याच्या येळला ह्ये असतं तर," असं एकदाच म्हणाल्या. पुन्हा कधी नाही.

विषाच्या कपाटातलं औषध काढायचं तर दोघींनी लेबल वाचायचं, असा आमचा दोघींचा नियम होता. आधी त्या मोठ्यानं वाचायच्या, मग मी. १९४६ च्या दिवाळीनंतर एक दिवस त्यांनी बाटली डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ नेली आणि काही न वाचता माझ्या हातात दिली. मग कमरेची किल्ली काढून सरळ डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली.

"काय झालं?"

"अक्षर दिसत न्हाई, डाक्तर."

"मोतीबिंदू असेल. पुण्याला दाखवू. तोवर लीलाबाई वाचतील, तुम्ही बाकीचं बघा."

"दोगींनी वाचायचं तर दोगींना दिसाया पायजे," झुंबरबाई म्हणाल्या. डॉक्टरांनी पुष्कळ समजावलं. त्या हो म्हणाल्या, पण किल्लीला हात लावला नाही.

मोतीबिंदू काढला, जाड काचांचा चष्मा आला, पण बारीक अक्षर काही दिसलं नाही. संक्रांतीनंतर पुतण्या बजरंग गाडी घेऊन आला. त्या दिवशी दवाखान्यात येणाऱ्या रोग्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. वलवणचा नथू हमाल फुलांचा हार घेऊन आला. झुंबरबाई रागावल्या, "म्या काय मंत्री हाय?" पण हार त्यांनी मांडीवर ठेवून घेतला. नूरभाईंनी त्यांची ट्रंक उचलून गाडीत ठेवली आणि तडक आपल्या खोलीत जाऊन दार लोटलं. अठ्ठावीस वर्षं ते दोघं एका छपराखाली काम करत होते.

मी तीन-चार वेळा कान्ह्याला जाऊन आले. स्टेशनावर उतरलं की पाच मिनिटांची चाल. शेवटच्या खेपेला त्या अंगणात बसून वाल सोलत होत्या. मी हाक मारून जवळ जाऊन बसले तशी त्यांनी चेहरा वर केला आणि आवाजावरून ओळखलं.

"खाटा किती झाल्यात गं आता?"

"बारा. बायकांच्या बाजूला नवी खोली बांधली."

"बारा!" त्यांनी वालाची टरफलं चाचपून बाजूला सारली. "मग तुला बसाया तरी येळ मिळतो का न्हाई?"

मी म्हटलं, नाही मिळत. त्यांना ते आवडलं. बजरंगच्या बायकोनं गवती चहा घातलेला चहा केला. आम्ही दोघी वाल सोलत राहिलो. लांबून गाडीची शिटी ऐकू आली आणि त्यांनीच मला उठवलं, "जा, चुकंल तुजी गाडी."

त्यानंतरच्या पौषात त्या गेल्या. निरोप यायला दोन दिवस लागले. मी पोचले तेव्हा अंगण सारवून वाळलं होतं, आणि बजरंगच्या बायकोनं मला त्यांनी सोलून ठेवलेले वाटीभर वाल बांधून दिले. ते मी लोणावळ्याला आणून शिजवले. नूरभाईंनाही पाठवले.